डाव्या कोपऱ्यातली पकड

मास्तर,

पुण्याच्या पाहुण्यांना मी मैदानात पाडलं, त्या दिवसाबद्दल आपण दोघं कधी नीट बोललोच नाही. तुम्ही विषय काढला नाहीत आणि माझं काढायचं धाडस झालं नाही. पुढे तुम्ही मैंदर्गी गावाला गेलात, मी पुण्याला गेलो, आणि मग तुम्ही गेल्याचंच कळलं. आता माझे गुडघे जिना चढू देत नाहीत. नातू विचारतो, तुम्ही खरंच हुतूतू खेळायचात का? त्याला सांगायला बसलो की गोष्ट तुमच्यापाशी येऊन अडते. म्हणून ती तुम्हालाच सांगतो आहे. त्यातलं बरंचसं तुम्हाला ठाऊक आहे. थोडं ठाऊक नाही.

सोलापुरात शिकायला आलो तेव्हा हायस्कुलातला सगळ्यांत थोराड मुलगा मीच होतो. माळशिरसकडच्या माळावरचं आमचं घर, मेंढरांमागं फिरणारं. शाळेत घातलं तेच उशिरा, त्यामुळे वर्गातल्या पोरांपेक्षा वयानंही मोठा. मी बसलो की बाक करकरायचा आणि पोरं हसायची. माझं हितं-तितं ऐकून तर जास्तच हसायची. मी मग बोलणंच कमी केलं. तुम्ही आमचे ड्रिल मास्तर. काळेसावळे, काटक, गळ्यात शिट्टी, आणि रागावलात की मराठीतून कानडीत जाणारे. एकदा ड्रिलच्या तासाला तुम्ही माझ्यासमोर येऊन उभे राहिलात, स्वतःचं मनगट माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "हिडी." मला काही कळलं नाही. मग म्हणालात, "धर. सोडू नको." मी धरलं. तुम्ही हिसका दिलात, पीळ दिलात, एकदम खाली बसलात, शेवटी पायानं मला रेटलंत. मनगट सुटलं नाही. तुम्ही धापा टाकत विचारलंत, "कुटं शिकलास रं हे?"

"कुटं न्हाय जी. कातरताना मेंढरं धरून ठेवतो."

तुम्ही मनगट उन्हात धरून उलटसुलट पाहिलंत आणि स्वतःशीच म्हणालात, "लालसुद्धा झालं न्हाई." ते कौतुक होतं हे मला फार उशिरा कळलं. मेंढरू आवळलं तर बिथरतं, सैल धरलं तर पळतं, हे आमच्या घरात पोरगं चालायला लागलं की शिकतंच. त्यात काही विशेष असेल असं मला वाटलं नव्हतं.

त्या दिवसापासून तुम्ही मला डाव्या कोपऱ्यात उभं केलंत आणि मॅट्रिकच्या वर्गात येईपर्यंत तिथून हलू दिलं नाहीत. हुतूतूत टाळ्या मिळतात त्या चढाई करणाऱ्याला. तो दम घेऊन पलीकडे जातो, एखाद्याला शिवतो, उड्या मारत परत येतो, लोक नाव घेऊन ओरडतात. कोपऱ्यातल्या गड्यानं वाट बघायची. तुम्ही सांगायचात, गड्याच्या तोंडाकडं बघू नको, तोंड खोटं बोलतं, कमरेकडं बघ. तो परतायला वळेपर्यंत हात घालू नको. घोटा धरलास की खांदा त्याच्या गुडघ्यावर टाक आणि बस. "पकड म्हंजे ओढणं न्हवं," म्हणायचात, "पकड म्हंजे बसणं." मी बसायला शिकलो. मला चढाईला जायची फार हौस होती आणि तुम्ही ती एकदाही पुरवली नाहीत.

मग त्या हिवाळ्यात पुण्याच्या एका कॉलेजातले खेळाचे सर जिल्ह्याजिल्ह्यातून मुलं बघत हिंडताहेत अशी बातमी आली. ज्याला ते निवडतील त्याला मॅट्रिक झाल्यावर कॉलेजात जागा, फी माफ, राहणं-जेवण वसतिगृहात. तुम्ही हेडमास्तरांच्या मागे लागून त्यांना आमच्या शाळेत बोलावून घेतलंत. आमच्या संघात एक चढाईचा मुलगा होता, हरणासारखा. हेडमास्तरांना वाटत होतं पाहुणे त्याला बघायला येताहेत. तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, "तुझ्यासाठी बोलावलंय. कुणाला बोलू नको."

सामन्याच्या सकाळी तुम्ही मला घरी जेवायला बोलावलंत. ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. धुरानं काळी झालेली कौलं, चुलीपुढे बसलेल्या काकू, भाकरी थापल्याचा आवाज. काकूंना मराठी थोडंच यायचं. त्या ताटात गरम भाकरी टाकून म्हणत होत्या, "ऊटा माडप्पा," जेव रे बाबा, आणि मी घास नुसता ताटात फिरवत होतो. तुम्हीही जेवत नव्हता. भाकरीचा तुकडा हातात घेऊन तो बोटांनी कुस्करत होता. म्हणालात, "आज काय बी झालं तरी कोपरा सोडायचा न्हाई. मी सांगेपर्यंत न्हाई." मी मान हलवली. काकूंनी तुमच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि उरलेल्या भाकऱ्या मुकाट्यानं फडक्यात बांधल्या.

शाळेमागच्या मैदानात पाणी मारून ठेवलं होतं, फक्कीच्या रेघा ताज्या होत्या. समोर विणकरांच्या पेठेतल्या पोरांचा संघ, सगळे चपळ, आपसात तेलुगू बोलणारे. त्यांच्याशी आम्ही आधी खेळलो होतो आणि तीच अडचण झाली. पुण्याचे पाहुणे खुर्चीत बसलेले, पंचेचाळिशीचे, रुंद छातीचे, कुस्तीत मोडलेल्या कानांचे. हातात पेन्सिल. खेळ सुरू झाला आणि त्यांचा पहिला गडी दम घेऊन आला, तो थेट उजवीकडे. दुसराही उजवीकडे. तिसरा मधे आला, माझ्या बाजूला वळला, तर त्यांचा कप्तान मागून ओरडला, "अटु वद्दुरा!" आमच्यातला एक पोरगा कुजबुजला, तिकडं नको म्हणतोय. तो गडी तसाच मागे फिरला.

मास्तर, त्या दिवशी माझ्या कोपऱ्यात कुणी आलंच नाही. मी गुडघ्यांवर हात ठेवून उभा, आणि मैदान माझ्यापासून लांब कुठेतरी चाललेलं. आमचा हरणासारखा गडी चढाई करत होता, टाळ्या पडत होत्या, पाहुण्यांची पेन्सिल चालत होती. माझ्याकडे त्यांनी मान वळवून पाहिलंही नाही. तुम्ही रेघेबाहेरून येरझारा घालत होता. तुमची सावली माझ्या पायापाशी यायची आणि जायची. मला वाटायला लागलं, हा दिवस असाच संपणार, पाहुणे उठून जाणार, आणि मी इथे होतो हे त्यांना कळणारही नाही. त्यांचा एक गडी मधून परत जात होता. मी कोपरा सोडून त्याच्यावर धावलो. त्यानं अंग चोरलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि रेघ ओलांडली. मी बाद. लोक हसले. बाहेर येऊन बसलो तर तुम्ही वाकून कानाशी बोललात, ओठ फारसे न हलवता, "टाळ्या पायजेत का तुला? मग तमाशात जा." इतक्या थंडपणे तुम्ही मला कधी बोलला नव्हता.

सामना आम्ही जिंकलो. पाहुण्यांनी पेन्सिल खिशात घातली आणि हेडमास्तरांना आमच्या चढाईच्या मुलाबद्दल काहीतरी चांगलं म्हणाले. तेवढ्यात तुम्ही पुढे झालात. मी लिंबाच्या झाडाखाली उभा होतो, सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, डावा कोपरा बघितला का?"

"त्यात बघण्यासारखं काय होतं? तिकडे कुणी गेलंच नाही."

"का गेलं न्हाई?"

पाहुणे थांबले. तुम्ही समोरच्या कप्तानाला हाक मारलीत. तो घाम पुसत आला आणि सरळ म्हणाला, "त्यानं धरलं की सुटत नाही, सर. मग कशाला जायचं?"

पाहुणे हसले, पण मान हलवून म्हणाले, "मास्तर, तुमचं म्हणणं मला कळतं. पण मोकळी जागा बघून मी मुलगा नेऊ शकत नाही. ऐकीव गोष्टीवर तर मुळीच नाही." हेडमास्तर म्हणाले चहा तयार आहे. तुम्ही वाटेतून हललाच नाहीत. दोन्ही हात मागे बांधून उभे राहिलात, शाळेतला साधा ड्रिल मास्तर, आणि तुमच्या गळ्याची शीर उडताना मला दिसत होती. "मग तुमीच जा की, साहेब," तुम्ही म्हणालात. "तुमी खेळलेले हाय. तुमीच बघा."

हेडमास्तरांचा चेहरा उतरला. पण पाहुण्यांनी क्षणभर तुमच्याकडे पाहिलं आणि कोट काढून खुर्चीवर टाकला. धोतराचा काचा मारला, चपला काढल्या, आणि मधल्या रेघेवर जाऊन उभे राहिले. सगळी शाळा रेघांभोवती गोळा झाली. मला कोपऱ्यात जायला सांगितलं. माझे तळवे घामानं ओले झाले होते. ते मातीत घासले तरी ओलेच.

पाहुणे आले ते माझ्यावरच आले. दम भारी होता, आवाज घुमणारा. परतायला वळले तेव्हा मी घोट्याला हात घातला, पण आवळायला होईना. बापाच्या वयाचा माणूस, पुण्याहून आलेला, शाळेचा पाहुणा. त्यांनी पाय झटकला आणि गेले. पलीकडून वळून म्हणाले, "पाय धरतोस की पाया पडतोस?" मैदान हसलं. माझे कान तापले. तुम्ही रेघेवरून म्हणालात, "ते पाहुणे खुर्चीवर हुते. हितं गडी हाय. कळलं?" मी मान हलवली. तुम्ही पुन्हा विचारलंत, "कळलं का?" तेव्हा मी तोंडानं म्हणालो, "व्हय जी."

पुढच्या खेपेला ते जास्त जोरात आले. मी तोंडाकडं बघितलं नाही. कंबर उजवीकडे गेल्यासारखी झाली आणि डावीकडे वळली, आणि मी घोटा धरला. खांदा गुडघ्यावर टाकला. बसलो. ते पडले, पण दम चालूच. हुतूतू हुतूतू करत एका हातानं माती ओरबाडत रेघेकडे सरकायला लागले, मला ओढत. त्यांच्या अंगात किती ताकद होती, ते मला अजून आठवतं. रेघेच्या अलीकडे बोटं येऊन पोचली आणि त्यांनी सगळं अंग पुढे फेकलं. तेव्हा त्यांच्या अंगाखालून, दुमडलेल्या हाताकडून, एक आवाज आला. वाळकी काटकी मोडल्यासारखा. फार मोठा नव्हता. हेडमास्तर ओरडले, "सोड, अरे सोड त्यांना!" पण हुतूतू थांबलं नव्हतं. बारीक झालं होतं, दातांतून येत होतं, पण चालू होतं. मी मान वर केली आणि तुमच्याकडे पाहिलं. तुमचं तोंड पांढरं पडलं होतं. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "बिडब्याड."

सोडू नको. एवढं कानडी मला तोवर येत होतं. मी सोडलं नाही. मग दम तुटला, आणि त्याच क्षणी मी हात काढले. पाहुणे उठले नाहीत.

टांग्यातून त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. मी आणि तुम्ही मागून चालत गेलो, तुम्ही पुढे, मी मागे. वाटेत गिरणीचा भोंगा झाला, सुटलेले लोक आमच्या अंगावरून गेले, तुम्ही एकदाही मागे वळून पाहिलं नाहीत. दवाखान्याच्या ओसरीत हेडमास्तर आमची वाटच बघत होते. माझ्याकडे बोट करून म्हणाले, ह्याला चांगल्या वर्तणुकीचा दाखला माझ्या हातून मिळणार नाही. दाखल्याशिवाय कुठलंच कॉलेज दारात उभं करत नाही, हे मलाही माहीत होतं. तुम्ही म्हणालात, "त्याचा काय संबंध न्हाई. सोडू नको म्हणून मी सांगितलं." हेडमास्तर तुमच्याकडे बघत राहिले. "तुम्ही सांगितलंत?" "व्हय. मी." मग ते पाठ फिरवून निघून गेले.

बाकावर आपण शेजारी शेजारी बसलो. आतून औषधाचा वास येत होता, कुणीतरी विव्हळत होतं, ते पाहुणेच असावेत असं वाटून मी हात मांड्यांखाली दाबून धरले. तुम्ही डोळे मिटून देवाचं नाव घेत होता. उन्हं ओसरीतून उतरून अंगणात गेली तरी आत बोलावलं नव्हतं. शेवटी दार उघडलं.

पाहुणे उशाला टेकून बसले होते, हात गळ्यात बांधलेला, चेहऱ्यावर रंग नाही. त्यांनी आधी मलाच विचारलं, "माझं हाड गेलं, ते तुला कळलं होतं?"

"व्हय जी."

"मग सोडलं का नाहीस?"

मी म्हणालो, "तुमी म्हनत हुता की. हुतूतू."

त्यांनी तुमच्याकडे मान वळवली. "आणि तुम्हाला, मास्तर? तुम्हाला कळलं होतं?"

तुम्ही म्हणालात, "तुमी थांबला न्हाई. म्हणून मी थांबवलं न्हाई."

पाहुण्यांनी हसायचा प्रयत्न केला आणि कळ आली म्हणून सोडून दिला. "पाडलं त्यानं," ते म्हणाले, "हाड मी मोडून घेतलं. रेघ दिसली की मला राहवत नाही, ही खोड जुनी आहे." मग माझा पंजा बघायला मागितला, उलटा करून पाहिला, आणि विचारलं, "रागानं धरतोस का रे?" मी काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "न्हाई साहेब. ह्याला राग येत न्हाई. हेच त्याचं चांगलं हाय." "मॅट्रिक होईल?" "होईल. इंग्रजी कच्चं हाय." माझं कच्चेपण तुम्ही लपवलं नाहीत. पाहुणे डोळे मिटून म्हणाले, "इंग्रजीचं आम्ही बघू. जूनमध्ये पाठवा."

मी पास झालो. दाखलाही मिळाला, हेडमास्तरांच्या सहीचा, वर्तणूक चांगली म्हणून. मला वाटलं पाहुण्यांनी शब्द टाकला असेल. पुण्याला जाण्याआधी पाया पडायला तुमच्या घरी आलो, तर दाराशी बैलगाडी उभी आणि काकू त्याच स्वयंपाकघरात भांडी पोत्यात भरताना दिसल्या. चूल लिंपून कोरडी ठेवलेली. मी विचारलं, कुठे निघालात? त्या तोडक्या मराठीत म्हणाल्या, "मैंदर्गी. शाळा सोडली ह्यांनी. दाखला तुला, नोकरी हेडमास्तरला परत." पोत्याचं तोंड बांधता बांधता म्हणाल्या, सहज, जसा भाजीचा भाव सांगावा तसं. बाहेरून तुम्ही दटावलंत आणि त्या गप्प झाल्या. मी अंगणात आलो. गाडीला दोर आवळत होता तुम्ही. मला म्हणालात, "तुझ्यामुळं न्हाई. माझं तोंडच वाईट." मग दोराचं दुसरं टोक माझ्याकडे फेकून म्हणालात, "धर." मी धरलं. गाडी निघाली तेव्हा काकूंनी मागे वळून पाहिलं. तुम्ही नाही.

पुण्यात मी फार मोठा खेळाडू झालो नाही, मास्तर. तिथे माझ्याहून थोराड मुलं होती. पण कोपरा मला मिळाला आणि कॉलेज सुटेपर्यंत तो माझ्याकडेच राहिला. पाहुणे, म्हणजे आमचे सर, थंडीत खांदा चोळायचे आणि माझ्याकडे बघून डोळे बारीक करायचे, त्यात राग नसायचा. इंग्रजीचं त्यांनी खरंच बघितलं. पुढे जनावरांच्या खात्यात नोकरी लागली, संसार झाला, मुलं शिकली. माझ्या घरात आज मेंढरू धरता येईल असं कुणी नाही. तुम्ही गेल्याचं काकूंनी कुणाकडून तरी लिहवून कळवलं. त्यात लिहिलं होतं, गावच्या पोरांना खेळ शिकवायचे, तापानं गेले, फार दिवस आजारी नव्हते.

तुम्ही बिडब्याड म्हणालात तेव्हा काटकीसारखा आवाज तुम्हाला ऐकू आला होता की नाही, हे मी बरीच वर्षं मनात घोळवलं. आता वाटतं, आला होता. माझं सगळं पुढचं आयुष्य त्या एका क्षणात दुसऱ्याच्या मोडलेल्या हाडावर टेकलेलं तुम्हाला दिसलं, आणि तुम्ही ठरवलंत. त्याची किंमत तुम्ही स्वतः दिलीत, ही गोष्ट वेगळी. बरोबर होतं का, हे मला आजही सांगता येत नाही.

आता तुम्हाला ठाऊक नसलेलं तेवढं सांगतो. दवाखान्याच्या बाकावर तुम्ही देवाचं नाव घेत होता, तेव्हा मीही घेत होतो. तुम्हाला वाटलं असेल, दोघांचं मागणं एकच आहे. तसं नव्हतं. मैदानात त्यांनी मला बघावं एवढीच माझी हौस होती, घर सोडून जायचं आहे हे त्या बाकावर पहिल्यांदा समोर आलं. त्या दिवसांत आमची मेंढरं चराईला खाली उतरायची, आणि बाप एकटा होता. पाहुण्यांनी आता मला घेऊ नये, मला घरी जाऊ द्यावं, एवढंच मी मागत होतो. तुमच्या तोंडाकडे बघून ते बोलायचं माझ्यानं झालं नाही, आणि जायचं आहे का, हे तुम्हीही मला कधी विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर मी न्हाय म्हणालो असतो, आणि तुम्ही ऐकलं असतंत.

पाकिटावर मैंदर्गी एवढंच लिहून ठेवलं आहे. पुढे काही लिहिता येत नाही.

मला पुण्याला जायचं नव्हतं, मास्तर.